लहरींचा सातबारा

1993च्या हीरो कपमधलं सचिनचं ते शेवटचं षटक आठवणारे पुष्कळ भेटतात. त्याच स्पर्धेवरून झालेला खटला आठवणारा मला अजून भेटलेला नाही. मी त्या खटल्यापाशी पोचलो तेही आडवाटेने. मला शोधायचं होतं वेगळंच. लष्कराने मोबाइल कंपन्यांसाठी लहरी सोडल्या म्हणतात; त्या मुळात होत्या कोणाच्या?

व्यवहार थोडक्यात असा. 22 मे 2009 रोजी संरक्षण आणि दूरसंचार या दोन खात्यांत करार झाला. सैन्यदलांनी 45 मेगाहर्ट्झ मोकळे करायचे, 25 थ्रीजीसाठी, 20 टूजीसाठी. बदल्यात बीएसएनएलने त्यांच्यासाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं टाकायचं. काही लहरी लगेच मिळणार होत्या, उरलेल्या फायबर पुढे सरकेल तशा.

आमच्या सोसायटीत सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांना हा सौदा आजही पटलेला नाही. ‘टेकडीवर मास्ट उभा केला की रेडिओ रिलेवर बोलणं सुरू. केबलला आधी खणावं लागतं, आणि तिकडे खणणं म्हणजे खडक न् बर्फ,’ ते म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन स्वतःच पुढे म्हणाले, ‘पण हवेतलं शत्रूही ऐकतो. केबल ऐकायची तर त्याला तिच्यापाशी यावं लागतं.’ दोन खात्यांमधल्या ओढाताणीचा निम्मा ऐवज मला या दोन वाक्यांतच मिळाला.

पैशाची बाजू झटपट सांगतो. 2010चा थ्रीजी लिलाव 34 दिवस, 183 फेऱ्या चालला. सर्कलमागे तीन-चारच तुकडे विक्रीला होते. देशभरच्या एका तुकड्याची राखीव किंमत 3,500 कोटी होती, ती 16,750 कोटींवर गेली. एकट्या मुंबईसाठी 3,247 कोटी. माल कमी आणला की भाव चढतो, हे लासलगावात कोणाला शिकवावं लागत नाही. सरकारला 67,719 कोटी मिळाले. फायबरचा खर्चही चढतच गेला. 2012मध्ये 13,334 कोटी मंजूर होते; मे 2018मध्ये मंत्रिमंडळाने आणखी 11,330 कोटी दिले. मधल्या काळात, जानेवारी 2015मध्ये, अदलाबदलीचा निर्णय झाला. 2100च्या पट्ट्यातले 15 मेगाहर्ट्झ सैन्याने सोडायचे आणि तेवढेच 1900च्या पट्ट्यात घ्यायचे. भाऊबंदकीत बांधाकडची पट्टी बदलून घेतात, तसंच.

या सगळ्या कागदांत ‘आमचा स्पेक्ट्रम’, ‘तुमचा स्पेक्ट्रम’ अशी भाषा सतत येते. तिचा कंटाळा आला तेव्हा हीरो कपचा निकाल हाती लागला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले होते. दूरदर्शन चिडलं. हक्कांचे पैसे देणं दूरच, उलट सामन्यामागे 5 लाखांची तांत्रिक फी त्यानेच मागितली. कंपनीचं सामान मुंबईच्या कस्टम्समध्ये अडकलं. दूरदर्शनच्या हातातलं हत्यार होतं 1885चा टेलिग्राफ कायदा, म्हणजे मार्कोनीच्याही आधीचा!

9 फेब्रुवारी 1995च्या निकालातलं मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं आहे. सावंत म्हटलं की आपल्याकडे मंत्र्यांची चौकशी करणारा सावंत आयोग आठवतो. 2021मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा वाचलेल्या मृत्युलेखांतही मला हा निकाल दिसला नाही. त्यांचं म्हणणं असं: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि मर्यादित आहे, म्हणून तिच्या वापरावर जनतेच्या हितासाठी सार्वजनिक संस्थेचं नियंत्रण हवं. सरकारची मक्तेदारी त्यांनी मानली नाहीच, आणि पैसेवाल्यांना रानही मोकळं सोडलं नाही. न्या. जीवन रेड्डींनी वेगळं निकालपत्र लिहिलं, पण मालकीबद्दल त्यांचंही मत हेच. सातबारावर मालक म्हणून नाव लागलं ते लोकांचं. सैन्य काय, दूरदर्शन काय, सगळे वहिवाटदार.

2012च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 122 टूजी परवाने रद्द केले, तेही याच विचाराच्या वाटेने. सावंतांनी मांडलेली ही मालकी आपल्या अंगवळणी मात्र पडलेली नाही. ‘सैन्याने दिल्या, कंपन्यांनी विकत घेतल्या’ असं आपण सर्रास बोलतो. माझ्या मते ही दोन्ही क्रियापदं चूक आहेत. सैन्याने कब्जा सोडला आणि कंपन्यांनी भाडेपट्टा घेतला, इतकंच झालं. 2010च्या लिलावातल्या लहरींचा पट्टा 20 वर्षांचा आहे. तो 2030मध्ये संपतो.