तंबोरे जुळण्यातच मैफल सरते तेव्हा!

गवयाने तंबोरे जुळवायला तासभर घ्यावा आणि गाणे मात्र दहाच मिनिटांत आटोपावे! अशा गवयाला पुन्हा बोलावणे कोण धाडील? पण वाचकहो, ‘अल्ट्रा-वाइडबँड’ नावाच्या बिनतारी संदेशवहनात असे सहज घडू शकते.

आपला रेडिओ एका ठरावीक लहरीवर अखंड बोलतो. ही नवी विद्या मात्र सेकंदाच्या अब्जांश भागात संपणारे स्पंद फेकते. २००२ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तिला ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढे मोठे अंगण मोकळे केले; पण अट अशी, की तिथे फक्त कुजबुजायचे!

कुजबुज नेमकी कधी सुरू झाली, हे ऐकणाऱ्या यंत्राला कसे कळावे? म्हणून प्रत्येक पाकिटाच्या आधी एकच ठरलेली खूण वारंवार धाडतात. यंत्र त्या खुणांची बेरीज करत जाते. गोंगाट मागे पडतो, खूण उठून दिसते आणि वेळेचा मेळ बसतो.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००७ च्या मानकात ही खूण १६, ६४, १०२४ किंवा ४०९६ वेळा देता येते. एका खुणेला सुमारे एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. मी कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला ६८ लाख बिट या वेगाने १२७ बाइटांचा मजकूर दीडशे मायक्रोसेकंदांत जातो. किरकोळ खर्च सोडला, तर ६४ खुणांमागे सत्तर टक्के वेळ मजकुराला मिळतो. १०२४ खुणांमागे जेमतेम तेरा! म्हणजे ६८ लाखांचा वेग नऊ लाखांच्याही खाली आला.

मग खुणा कमीच का करू नयेत? जवळच्या जवळ ते निभते. पण अंतर वाढले, मध्ये भिंत आली, की खूण हुकते, पाकीट गहाळ होते आणि सारे पुन्हा धाडावे लागते. त्यापेक्षा चार लहान मजकूर एकाच पाकिटात घातलेले बरे. खुणांचा खर्च एकदाच पडतो.

२०१९ पासून काही मोबाइल फोनांतही ही विद्या आली आहे. हरवलेली वस्तू शोधताना खुणांवरूनच स्पंद पोचल्याची अचूक वेळ, आणि तीवरून अंतर काढतात. तिथे त्या वाया जात नाहीत. मजकूर भराभर पाठवायचा असेल, तेव्हा मात्र नुसत्या छापील वेगावर भुलू नये. पाकिटामागे खुणा किती, हे आधी विचारावे!