सरासरीत हरवलेली दोन शिखरे

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचे गरम पाण्याचे नैसर्गिक कारंजे आहे. १ ते १५ ऑगस्ट १९८५ या काळात त्याच्या उद्रेकांची अखंड नोंद ठेवली गेली. लागोपाठच्या दोन उद्रेकांमध्ये किती मिनिटे गेली, याच्या २९९ नोंदी मिळाल्या. सरासरी सुमारे ७२ मिनिटे. पण तेवढ्यावरून पर्यटकाला ‘७२ मिनिटे थांबा’ असे सांगता येईल का?

त्यासाठी नोंदींचे वितरण पाहायला हवे. वर्गात आपण आयतालेख शिकवतो. त्यातील एका अडचणीकडे सहसा लक्ष जात नाही. वर्ग ४० पासून सुरू करायचे की ४५ पासून, हे आपणच ठरवतो आणि सुरुवात बदलली की त्याच नोंदींचा आलेख वेगळा दिसतो. ६९ मिनिटांची नोंद एका स्तंभात, ७० ची शेजारच्या. जणू दोघींचा काही संबंधच नाही!

मरे रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वर्गच नसतात. प्रत्येक नोंद मध्यभागी धरून एक छोटा उंचवटा काढायचा. त्याचा आकार ठरवणाऱ्या फलाला ‘कर्नेल’ म्हणतात. येथे प्रत्येक उंचवट्याचे क्षेत्रफळ १/२९९. मग अक्षावरील प्रत्येक बिंदूपाशी सर्व उंचवट्यांच्या उंचीची बेरीज करायची. नोंदी दाट असतील तिथे वक्र वर चढतो.

उंचवटा घंटेसारखा की त्रिकोणी, याने फारसे बिघडत नाही. खरा प्रश्न रुंदीचा. घंटाकार उंचवट्याचे प्रमाण विचलन अर्धे मिनिट घेतले, तर वक्राला करवतीसारखे दाते येतात. २० मिनिटे घेतले, तर एकच पसरट टेकडी. ४ मिनिटांच्या आसपास मात्र दोन शिखरे दिसतात: एक ५०-५५ मिनिटांपाशी, दुसरे ८० जवळ. ही शिखरे खरी आहेत. अल्पकाळ टिकलेल्या उद्रेकानंतरची प्रतीक्षा कमी असते, लांबलेल्या उद्रेकानंतरची जास्त. म्हणून पर्यटकाने सरासरीपेक्षा मागचा उद्रेक किती वेळ चालला, हे विचारावे. (आज या कारंज्याची मध्यंतरे १९८५ पेक्षा लांबली आहेत.)

परीक्षेच्या गुणांवर ही पद्धत वापरताना मात्र जपावे. वक्र शून्याच्या खाली आणि शंभराच्या वर सांडतो. शिवाय ३५ वर काठावर पास झालेल्यांची गर्दी असेल, तर वक्र ती ३३-३४ वरही पसरवून टाकतो आणि ३५ पाशी काही वेगळे घडले होते, हे आलेखावरून कळतच नाही.