हरणांची गर्दी आणि उद्यानातली बंदूक

भारतात राष्ट्रीय उद्यान म्हटलं की शिकारबंदी गृहीतच असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आपल्या अंगवळणी पाडली आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात नोव्हेंबरमध्ये काही स्टेट पार्क दोन-दोन दिवस पर्यटकांसाठी बंद ठेवतात आणि सोडतीने निवडलेल्या शिकाऱ्यांना आत जाऊ देतात, हे ऐकलं की इथल्या वाचकाला तो सरळसरळ विश्वासघात वाटतो. तिकडच्याही अनेकांना तसंच वाटतं. उलट बाजूचे लोक तितक्याच ठामपणे सांगतात की अमेरिकेतले वन्यप्राणी शिकाऱ्यांच्या पैशावरच जगले, तेव्हा उद्यानाचं दार त्यांना बंद असण्याचं कारणच काय? या भांडणात खऱ्याखोट्याची बरीच सरमिसळ झाली आहे. ती निवडून पाहिली तर माझ्या मते एकच गोष्ट धरून ठेवण्यासारखी उरते: उद्यानात शिकार चालू करायची असेल तर आधी नुकसान मोजलेलं असावं आणि नंतर सुधारणाही मोजली जावी. एवढं नसेल तर परवानगी देऊ नये.

पहिला गैरसमज ‘पार्क’ या पाटीचाच. केंद्र सरकारच्या नॅशनल पार्कमध्ये शिकार मुळात बंद असते आणि अपवाद अमेरिकी काँग्रेसच्या कायद्यानेच होतो. ग्रँड टीटनमध्ये एल्क हरणांची संख्या कमी करण्याची तरतूद १९५० च्या कायद्यात अशीच आली. स्टेट पार्क मात्र त्या त्या राज्याचे, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. ‘नॅचरल एरिया’ म्हणून राखलेल्या जागाही सर्रास शिकारमुक्त नसतात. विस्कॉन्सिनने अशा जागा राखण्याचं काम १९५१ मध्ये देशात सर्वांत आधी सुरू केलं, तरी तिथल्या सरकारी मालकीच्या बहुतेक नॅचरल एरियांमध्ये शिकारीला मुभा आहे. म्हणजे ‘तिथे कधीच गोळी चालली नव्हती, आता चालू लागली’ ही तक्रार पुष्कळदा वस्तुस्थितीला धरून नसते.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे आणि चांगल्या मनातून आलेला आहे: निसर्गाला हात लावू नका, तो आपला तोल आपणच सांभाळतो. सांभाळतो खरा, पण त्याचे सगळे गडी मैदानात असतील तर. इंडियानात १८९३ च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं पार संपली होती, कारण बाजारासाठी त्यांची बेसुमार शिकार झाली होती. १९३४ पासून बाहेरून हरणं आणून सोडली गेली. तोवर लांडगा आणि प्यूमा मात्र तिथून नाहीसे झाले होते, आणि ते काही परत आणले गेले नाहीत. शिकारबंदी असलेल्या उद्यानांत हरणांना चारा होता, आसरा होता आणि भीती कोणाचीच नव्हती. साऱ्या देशात विसाव्या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या आत उरलेली ही जात आज तीन कोटींच्या घरात गेली आहे.

त्याचा परिणाम जंगलाच्या जमिनीलगत दिसतो. ट्रिलियम नावाचं एक रानफूल आहे. एका देठावर तीन पानं आणि वर एकच फूल, असा त्याचा संसार. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. हरणाने शेंडा खाल्ला की तिन्ही पानं एकदमच जातात आणि त्या वर्षी नवी फुटत नाहीत. जमिनीतल्या कंदाला त्या साली अन्नाचा नवा साठा मिळत नाही. दुसऱ्या वर्षी झाड खुजं येतं, तिसऱ्या वर्षी आणखी खुजं, आणि एक दिवस उगवतच नाही. म्हणून हरणांचा भार किती, हे अभ्यासक ट्रिलियमची उंची मोजून ताडतात. वर ओक-मेपलची भक्कम झाडी आणि खाली, हरणाचं तोंड पोचेल तिथवर, काहीच हिरवं नाही, असं जंगल पर्यटकाला छान मोकळं वाटतं. खरं तर त्या जंगलाची पुढची पिढी खाल्ली गेलेली असते.

इंडियानाच्या कायद्यात स्टेट पार्कमध्ये शिकार एरवी बंदच आहे. एखाद्या प्राण्यामुळे उद्यानाच्या नैसर्गिक समतोलाला उघड आणि मोजता येण्याजोगी हानी पोचत असेल, किंवा माणसांना विशेष धोका असेल, तरच नियंत्रित शिकार लावता येते. ‘मोजता येण्याजोगी’ ही अट मला फार मोलाची वाटते. १९९३ मध्ये ब्राउन काउंटी स्टेट पार्कमध्ये पहिल्यांदा अशी शिकार झाली, तेव्हा विरोध कडवा होता. पुढे पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सतरा वर्षांच्या नियंत्रित शिकारीनंतर अनेक उद्यानांतल्या जमिनीलगतच्या वनस्पती पुन्हा मोजल्या, तर देशी झाडोरा ठळकपणे सावरलेला आढळला. कोणत्या वर्षी कोणतं उद्यान घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हेही तिथे वनस्पतींची स्थिती पाहून ठरतं.

यावरून ‘म्हणजे शिकारीने जंगल सुधारतं’ असा निष्कर्ष काढणं हा तिसरा गैरसमज, आणि तो बंदूकवाल्यांचा लाडका. हरणांची संख्या ठरते माद्यांवर. एका नराने अनेक माद्या फळत असल्यामुळे मोठ्या शिंगांचे नर कितीही टिपले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांत फारसा फरक पडत नाही. हौशी शिकाऱ्याला हवी असतात शिंगं. विस्कॉन्सिनने १९९६ पासून काही भागांत नियम लावला होता की आधी बिनशिंगी हरीण मारा, मग नर मारायचा हक्क मिळेल. संख्या उतरवायला तो नियम उपयोगी होता आणि शिकाऱ्यांना तो मुळीच आवडला नाही. २०११ मध्ये विधिमंडळाने तो मोडीत काढला. त्याच राज्याने २०१२ मध्ये कायदा करून स्टेट पार्क शिकारीला आणि सापळ्यांना सरसकट खुले केले. बंदी घालायची तर सार्वजनिक सुरक्षा किंवा एखादा अनोखा प्राणी-वनस्पती समूह, एवढीच कारणं राज्याच्या नैसर्गिक संसाधन मंडळाला चालतील. म्हणजे पुराव्याचा भार उलटला: इंडियानात शिकार हवी म्हणणाऱ्याने कारण दाखवायचं, विस्कॉन्सिनमध्ये नको म्हणणाऱ्याने. हंगाम मर्यादित करून आणि वर्दळीच्या जागांभोवती अंतर राखून मंडळाने त्या कायद्याची धार बरीच बोथट केली, हे खरं. पण हक्क म्हणून दिलेली शिकार आणि उपाय म्हणून केलेली शिकार यांत मला महत्त्वाचा फरक दिसतो. उपाय लागू पडला की तो थांबवता येतो. हक्क कोण परत घेणार?

मारण्यावाचून दुसरा मार्ग नाही का, हा आक्षेप प्रामाणिक आहे. मार्ग आहेत, पण जागा पाहून. न्यूयॉर्कच्या फायर आयलंडवर मादी हरणांना गर्भनिरोधक लस टोचण्याचा प्रयोग १९९३ पासून अनेक वर्षं चालला आणि संख्या खाली आली. ते होतं बेट. चहूबाजूंनी खुल्या जंगलात लस न टोचलेली हरणं येतच राहतात, आणि टोचलेल्यांना पुन्हा गाठणं खर्चाचं नि जिकिरीचं. लांडगे आणावेत तर यलोस्टोनला १९९५ मध्ये आणले, आणि तो निर्णय योग्यच होता. पण यलोस्टोनचा पसारा आणि शेतीवस्तीने वेढलेलं मध्य-पश्चिमेतलं उद्यान यांची तुलना होत नाही. शहरी उद्यानांत भाडोत्री नेमबाजांचा मार्ग मला शिकारीपेक्षा बरा वाटतो. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमध्ये २०१३ पासून रात्री उद्यान बंद ठेवून तो वापरला जातो आणि मांस गरजूंसाठी अन्नदानाला जातं. त्यात हौसेचा प्रश्नच येत नाही, मात्र पैसे सरकारला मोजावे लागतात.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर ‘उद्यानं शिकाऱ्यांच्या पैशावर चालतात’ हे अर्धसत्यही पाहू. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. हरणं परत आली त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा कर शिकार न करणारे, नुसती नेमबाजी करणारे किंवा घरात पिस्तूल ठेवणारेही भरतात. शिवाय स्टेट पार्कचा गल्ला वेगळा असतो. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ च्या अर्थसंकल्पानंतर उद्यानं मुख्यतः प्रवेश आणि तंबूंच्या शुल्कावर चालतात. ते भरणाऱ्यांत बहुसंख्य लोक पायी फिरायला आलेले असतात.

हरणं कमी केली की गोचिडीतून पसरणारा लाइम रोग हटेल, असंही सांगितलं जातं. गोचिडीला रोगजंतूची लागण होते ती मुख्यतः उंदरांकडून. हरीण प्रौढ गोचिडीला पोसतं, पण जंतू देत नाही. मेन राज्याच्या मॉन्हेगन बेटावर १९९९ पर्यंत सगळीच हरणं काढली, तेव्हा गोचिडी ओसरल्या. निम्मी-पाव हरणं कमी करून तसं घडेल असं गृहीत धरता येत नाही. तेव्हा या कारणासाठी बंदुकीची परवानगी मागू नये.

आणि ‘हंगाम शास्त्रज्ञ ठरवतात’ या आश्वासनावर डोळे मिटून विसंबू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये विस्कॉन्सिनने लांडग्यांची शिकार उघडली, तीही न्यायालयाच्या आदेशाने घाईघाईत. मर्यादा ११९ ची होती. तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. ज्या राज्यात हरणं जास्त झाल्याची ओरड आहे तिथेच हरणं खाणाऱ्याची ही गत.

परवानगी द्यायचीच तर मोजणी, माद्यांवर भर आणि बंद दरवाजे यांच्या जोडीला गोळीचीही अट घालावी. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटण्यासाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणासाठी फेकून द्यायला सांगावं लागलं. जंगलात टाकलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात, आणि ते शिसं त्यांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. तांब्याच्या गोळ्या बाजारात मिळतात.