दीड लाखांचा वर्ग

ऑक्टोबर 2011 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एक अभ्यासक्रम इंटरनेटवर साऱ्या जगासाठी मोफत खुला झाला. सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग हे दोघे तो शिकवत होते. सुमारे 1,60,000 जणांनी नावे नोंदवली. विद्यापीठाच्या आवारात हाच विषय घेतलेले साधारण 200 विद्यार्थी होते. त्यांच्यातील बहुतेकांनी थोड्याच दिवसांत वर्गात येणे सोडले आणि तेही व्हिडिओ पाहूनच शिकू लागले. सत्र संपले तेव्हा सुमारे 23,000 जणांनी अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेला होता. एका शिक्षकाला उभ्या आयुष्यात जेवढे विद्यार्थी मिळत नाहीत, तेवढे इथे एका सत्रात उत्तीर्ण झाले. पण उरलेले 1,37,000 गळाले होते. पुढच्या दशकभरात ऑनलाइन शिक्षणाविषयी जो वाद झाला, तो या दोन आकड्यांपैकी कोणता महत्त्वाचा मानायचा, याचाच होता.

अशा अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात: प्रचंड संख्येसाठीचा, खुला, ऑनलाइन अभ्यासक्रम. हे नाव 2008 मध्ये कॅनडात पडले. मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक वर्ग घेतला. त्यात शुल्क भरलेले 25 विद्यार्थी होते आणि बाहेरून मोफत सामील झालेले 2,000 हून अधिक. तो वर्ग म्हणजे मुख्यतः परस्परांत चाललेली चर्चा होती. स्टॅनफर्डने केले ते निराळे: नेहमीचा विद्यापीठीय अभ्यासक्रमच यंत्राच्या मदतीने अनेक पटींनी मोठा केला.

घरी बसून विद्यापीठाचे शिक्षण घेणे तेव्हा नवे नव्हतेच. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे अध्यापन 1971 मध्ये सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. छापील पुस्तके, अभ्यासकेंद्रे, ठरावीक दिवसांची संपर्कसत्रे यांवर ही व्यवस्था चालते आणि दर नव्या विद्यार्थ्यामागे तिचा खर्च वाढतो. 2001 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीने, आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे आणि प्रश्नपत्रिका इंटरनेटवर खुल्या करण्याची घोषणा केली. त्यामुळे साहित्य सर्वांच्या हाती आले, पण सोडवलेले उत्तर बरोबर की चूक हे सांगणारे कोणी नव्हते. मूकने ही उणीव काही अंशी भरून काढली. तासाभराचे व्याख्यान तोडून काही मिनिटांचे तुकडे केले गेले, प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न आला, उत्तर संगणकाने तिथल्या तिथे तपासले, आठवड्याच्या स्वाध्यायाला अंतिम तारीख दिली आणि शंकांसाठी चर्चापीठ ठेवले. एकदा हे सारे तयार झाले की दीड लाखावा विद्यार्थी आला तरी व्हिडिओ आणि तपासणी यांचा खर्च जवळजवळ वाढत नाही.

या हिशेबाने 2012 मध्ये भल्याभल्यांना भुरळ घातली. थ्रन यांनी उडॅसिटी ही कंपनी उभी केली. स्टॅनफर्डचेच अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा काढली, तर हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून एडेक्स ही ना-नफा संस्था स्थापली. एडेक्सच्या पहिल्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या अभ्यासक्रमाला दीड लाखांवर नोंदणी झाली आणि सुमारे 7,000 जण उत्तीर्ण झाले. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मोजक्या लोकांत मंगोलियातला 15 वर्षांचा एक मुलगा होता; पुढे त्याला एमआयटीत प्रवेश मिळाला. जगात कुठेही असलेली बुद्धी आता वाया जाणार नाही, असे तेव्हा अनेकांना मनापासून वाटले, आणि त्या मुलापुरते ते खरेही ठरले.

मात्र या वर्गात नेमके कोण बसले आहे, हे पाहिल्यावर चित्र बदलले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरील आपल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि 2013 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर पाचांपैकी चारांहून अधिक जणांकडे महाविद्यालयीन पदवी किंवा पदविका आधीपासूनच होती. ज्यांच्यासाठी दार उघडले असे सांगितले जात होते, ते बहुतेक बाहेरच होते. आत आले ते आधीच शिकलेले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने याची थेट कसोटी घेतली. राज्याच्या गव्हर्नरांच्या उपस्थितीत जाहीर झालेल्या या प्रयोगात उडॅसिटीच्या साहाय्याने तीन विषय ऑनलाइन शिकवले गेले: गणिताचा पाया पक्का करणारा वर्ग, महाविद्यालयीन बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र. शुल्क होते विषयामागे 150 डॉलर. विद्यार्थ्यांमध्ये गणितात आधी नापास झालेले होते, तसेच गरीब वस्तीतल्या माध्यमिक शाळेतली मुलेही होती. त्यांच्यातील काहींच्या घरी संगणक नव्हता. निकाल लागला तेव्हा तिन्हींपैकी एकाही विषयात निम्म्याहून फारसे जास्त विद्यार्थी उत्तीर्ण झाले नव्हते. सर्वांत चांगला आकडा 51 टक्के होता. हेच विषय नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्यांचा निकाल 74 टक्के वा त्याहून वर होता. जुलै 2013 मध्ये विद्यापीठाने प्रयोग थांबवल्याचे जाहीर केले. उन्हाळी सत्राचा निकाल बराच सुधारला, पण त्या सत्रातल्या निम्म्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती.

सॅन होजेच्या मुलांना ‘आळशी’ किंवा ‘शिस्त नसलेले’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. एकट्याने अभ्यास करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. कुठे अडले ते ओळखणे, मागे जाऊन पुन्हा वाचणे, न समजलेली गोष्ट प्रश्नाच्या रूपात मांडणे, रोजचा वेळ राखून ठेवणे, हे सारे शाळेत वर्षानुवर्षे शिक्षकाच्या नजरेखाली शिकावे लागते. ज्याला ते आधीच येते त्याला व्हिडिओ पुरतो. ज्याला येत नाही त्याला आधी माणूस लागतो. गणितात मागे पडलेल्या मुलाला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत एकाकी व्यवस्थेत ढकलणे ही धोरणातली चूक होती. तिचे खापर मुलांवर फोडता येणार नाही.

हे अभ्यासक्रम अपेक्षेपेक्षा कमी का शिकवतात, याची कारणेही पुढे हाती आली, कारण इथे विद्यार्थ्याची प्रत्येक क्लिक नोंदली जाते. एडेक्सवरील सुमारे 69 लाख व्हिडिओ-प्रेक्षणांच्या नोंदी तपासणाऱ्या 2014 च्या अभ्यासात असे आढळले, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण 6 मिनिटांच्या पुढे टिकत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे केन कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलेली गोष्ट अधिक मोलाची आहे. मानसशास्त्राच्या एका मूकमध्ये कोणी किती व्हिडिओ पाहिले, किती वाचले आणि किती सराव-प्रश्न सोडवले, हे त्यांनी अंतिम परीक्षेतील गुणांशी ताडून पाहिले. प्रश्न सोडवण्याचा परिणाम पाहण्या-वाचण्याच्या सुमारे 6 पट निघाला. प्रत्येक जुन्या शिक्षकाला ठाऊक असलेली ही गोष्ट आहे. पण कंपन्यांच्या जाहिरातीत झळकत होते ते नामवंत प्राध्यापकांचे व्हिडिओ. स्वाध्यायांचा उल्लेखही नसे.

हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची 2012 ते 2018 या काळातील आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते यांनी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. 2017-18 मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण 46 टक्के होते. नुसते चाळून पाहणारेही नोंदणी करतात, म्हणून 3 टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा धरू नये. पण दोन आकड्यांतले अंतर बोलके आहे. ज्याने काही पणाला लावले आणि ज्याला प्रमाणपत्राचा उपयोग होता, तो टिकला.

उपयोग कोणाला होता? नोकरदाराला. म्हणून 2013 नंतर या कंपन्या कॉलेजच्या मुलांकडून कामावरच्या माणसांकडे वळल्या. उडॅसिटीने 2014 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या साथीने ‘नॅनोडिग्री’ आणली: काही महिन्यांचा, एकाच कामाच्या कौशल्यावर बेतलेला, प्रकल्प करून घेणारा अभ्यासक्रम. त्यात विद्यार्थ्याचा प्रकल्प संगणक नव्हे, माणूस तपासतो. एटी अँड टीचा स्वार्थ उघड होता. दूरध्वनीचे जाळे यंत्रसामग्रीकडून सॉफ्टवेअरकडे सरकत होते आणि तारा-उपकरणांवर वाढलेल्या हजारो कर्मचाऱ्यांना नवे काम शिकवणे भाग होते. कोर्सेरानेही 2016 मध्ये कंपन्यांसाठी स्वतंत्र सेवा सुरू केली.

या वळणाचे सर्वांत भक्कम उदाहरण जॉर्जिया टेकचे आहे. जानेवारी 2014 मध्ये या विद्यापीठाने संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्णपणे ऑनलाइन देण्यास सुरुवात केली. एकूण शुल्क 7,000 डॉलरच्या आसपास ठेवले; राज्याबाहेरून येऊन आवारात शिकणाऱ्याला याच्या सहापट खर्च येई. पदवी एकच, प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ असा शेरा नाही. पहिल्या सत्रात 380 विद्यार्थी होते, पुढे ही संख्या 10,000 च्या वर गेली. जोशुआ गुडमन आणि सहकाऱ्यांनी अर्जदारांचा अभ्यास केला, तेव्हा आवारातील अर्जदारांचे सरासरी वय 24 आणि ऑनलाइनचे 34 निघाले. आवारात भारतातून आणि चीनमधून आलेल्यांचा भरणा होता; ऑनलाइन बहुसंख्य अमेरिकी नागरिक, बहुतेक नोकरी करणारे. ज्यांना इथे प्रवेश मिळाला नाही, त्यांनी सहसा दुसरीकडेही शिक्षण घेतले नाही. म्हणजे या पदवीने कोणाचे विद्यार्थी पळवले नाहीत. जे एरवी शिकलेच नसते त्यांना शिकवले. डिजिटल शिक्षणाच्या बाजूने आजवर मिळालेला हा कदाचित सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे.

इथेही स्वस्ताईला एक सीमा होती. व्याख्यान एकदा रेकॉर्ड होते, पण शंका रोज नव्याने येतात. जॉर्जिया टेकचेच प्राध्यापक अशोक गोयल यांच्या ऑनलाइन वर्गात सुमारे 300 विद्यार्थी सत्रभरात 10,000 च्या आसपास संदेश लिहीत. साहाय्यक अध्यापकांचा बराच वेळ ‘अंतिम तारीख कोणती’, ‘फाइल कुठल्या स्वरूपात द्यायची’ अशी उत्तरे देण्यात जाई. 2016 मध्ये गोयल यांनी ‘जिल वॉटसन’ नावाचा संगणकीय साहाय्यक चर्चापीठावर आणला. आधीच्या सत्रांतील सुमारे 40,000 संदेशांवर तो तयार केला होता आणि उत्तराची जवळपास पूर्ण खात्री असेल तेव्हाच तो बोलत असे. सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्यांना ते कळलेही नाही. संगणकाने उचलला तो कारकुनी प्रश्नांचा भार. विषय न समजल्याचे दुखणे माणसांकडेच राहिले. आजचे भाषाप्रारूपांवर चालणारे शिकवणी-साहाय्यक याच्या बरेच पुढे गेले आहेत.

कंपन्यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. एडेक्स 2021 मध्ये 2यू या कंपनीने 80 कोटी डॉलरना विकत घेतली आणि 2यूने 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उडॅसिटी त्याच वर्षी ॲक्सेंचर या कंपनीने घेतली.

भारतातली वाट मात्र वेगळी आहे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून 2003 मध्ये एनपीटेल हा उपक्रम सुरू केला, म्हणजे मूकची लाट येण्याच्या कितीतरी आधी. व्याख्याने मोफत होती आणि ग्रामीण भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, जिथे एखाद्या विषयाला शिक्षकच मिळत नसे, तिथे ती खरोखर उपयोगी पडली. 2014 पासून त्याला प्रमाणपत्राची जोड मिळाली आणि तिथे एक शहाणा निर्णय झाला. शिकणे ऑनलाइन आणि मोफत. पण प्रमाणपत्र हवे असेल त्याने शुल्क भरून केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, ओळखपत्र दाखवून परीक्षा द्यायची. स्वाध्यायांना 25 गुण, परीक्षेला 75. घरबसल्या दिलेल्या परीक्षेवर नोकरी देणारा विश्वास ठेवत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

9 जुलै 2017 रोजी ‘स्वयं’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि त्याच दिवशी इंटरनेट नसलेल्यांसाठी ‘स्वयंप्रभा’च्या 32 दूरचित्रवाणी वाहिन्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत एका सत्रातील 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयंवरून मिळवण्याची मुभा दिली होती. 2021 मध्ये ती 40 टक्के झाली. त्यामुळे आता आपल्याकडच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आयआयटीच्या प्राध्यापकाचा विषय शिकून तो स्वतःच्या गुणपत्रिकेत धरू शकतो. हे चांगले आहे, पण रिक्त जागा न भरण्याला ते निमित्त होऊ नये. पडद्यावरच्या प्राध्यापकासोबत अडलेल्या मुलाजवळ बसणारा शिक्षक महाविद्यालयात असायलाच हवा.

भाषेचा अडसर मात्र अजून मोठा आहे. या बाबतीत आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने रस्ता दाखवला आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आकारलेल्या या प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ असतात. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजी, समजावणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत, विद्यार्थ्याने ते स्वतः करून पाहायचे असते. पाहण्यापेक्षा करण्याला इथे पहिल्या मिनिटापासून स्थान आहे.

मराठीत व्हिडिओंची वाण नाही. वाण आहे ती मराठीत प्रश्न विचारणाऱ्या, उत्तर तपासणाऱ्या, अडलेल्याला माणसापर्यंत पोहोचवणाऱ्या आणि विश्वासार्ह परीक्षेपर्यंत नेणाऱ्या पूर्ण अभ्यासक्रमांची. आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर किंवा रुग्णालयातली परिचारिका यांना नव्या यंत्राचे काम मराठीतून शिकता यावे, यासाठी महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि उद्योगांनी असे अभ्यासक्रम मिळून तयार करावेत. त्यातला मोठा खर्च कॅमेऱ्यावर करू नये. तो स्वाध्याय रचणाऱ्या आणि शंका सोडवणाऱ्या शिक्षकांवर करावा.