सरकारी तंटा आणि मध्यस्थाचे काम



दोन भाऊ घराच्या वाटणीवरून भांडू लागले म्हणजे गावातले चार जाणते लोक मध्ये पडतात. त्यांच्या हाती कायदा नसतो की दंड नसतो. तरीही पुष्कळदा वाटणी होते, आणि वाटणीनंतर भावाभावांचे बोलणेही टिकते. आजचा विषय याच जातीचा आहे. फरक एवढाच की, येथे एका बाजूस कामगारांची संघटना आहे आणि दुसऱ्या बाजूस सरकार किंवा महानगरपालिका.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. मध्यस्थ आणि लवाद एकच, असा अनेकांचा समज असतो. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो, आणि तो मानावा लागतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोघांना वेगवेगळे बसवून ऐकतो, कोणती मागणी प्राणाची आणि कोणती केवळ मानाची हे पारखतो, आणि जे एकाच्या तोंडून आले तर दुसऱ्याला हार वाटेल, ते स्वतःची सूचना म्हणून मांडतो. शेवटी करारावर सही होते ती तंटेवाल्यांचीच.

आता सार्वजनिक सेवेतील तंटा निराळा का? खासगी कारखान्यात संप लांबला की मालकाचा नफा बुडतो आणि मजुराची मजुरी बुडते. दोघांनाही झळ लागते, म्हणून दोघांनाही तडजोडीची बुद्धी सुचते. बसगाडी बंद पडली तर झळ लागते ती थांब्यावर उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाला. तो ना मालक, ना नोकर. आणि वाटाघाटीच्या मेजाशी त्याची खुर्ची नाही. शिवाय येथे मालक तोच कायदा करणारा. तो वटहुकूम काढू शकतो.

१९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून देशव्यापी संप केला, तेव्हा हेच झाले. वटहुकमाने संप बेकायदा ठरला आणि पाच दिवसांत मोडला. पण संप मोडणे म्हणजे तंटा मिटणे नव्हे. हे ध्यानी आले म्हणूनच १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. तीत सरकार आणि कर्मचारी समोरासमोर बसतात; आणि वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन बाबींवर एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे नेता येतो. मात्र शेवटचा अधिकार संसदेचाच ठेवला आहे, कारण लवादाने दिलेला पैसा अखेर करदात्याच्या खिशातून जातो. मध्यस्थीचे महत्त्व येथेच कळते. तिच्यातून निघणारा करार लोकांनी निवडलेल्या कारभाऱ्यांनी स्वतः कबूल केलेला असतो.

कायद्यातही ही वाट पूर्वीपासून आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने लोकोपयोगी सेवेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची केली होती, आणि अशी नोटीस आली की समेट अधिकाऱ्याने मध्ये पडलेच पाहिजे, असे ठरवले होते. समेट फसला तर प्रश्न न्यायाधिकरणाकडे धाडायचा की नाही, हे सरकार ठरवी. मग तंट्यातला मालक सरकारच का असेना! २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. आता नोटिशीचा नियम सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे, आणि समेट फसल्यास कोणताही पक्ष स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ही सुधारणा खरी. पण समेट अधिकारी अजूनही सरकारचाच नोकर आहे. 'हा मालकाचाच माणूस' अशी शंका कामगाराच्या मनात आली, तर त्याला दोष कसा द्यावा?

मुंबईचे उदाहरण पाहा. ८ जानेवारी २०१९ रोजी 'बेस्ट'च्या तीस हजारांवर कामगारांनी संप पुकारला. 'बेस्ट'चे अंदाजपत्रक महापालिकेच्या अंदाजपत्रकात विलीन करा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. नऊ दिवस शहराचे हाल झाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निवृत्त न्यायमूर्ती रिबेलो यांना मध्यस्थ नेमण्यात आले, आणि १६ जानेवारीस संप मागे घेतला गेला. विलीनीकरणाचा मूळ प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पण गाड्या रस्त्यावर आल्या, आणि बोलणी एका त्रयस्थासमोर होतील एवढा विश्वास निर्माण झाला.

यातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, मध्यस्थ दोघांनाही मान्य असा हवा. एकाने लादलेला नको. दुसरी, ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे तो बैठकीत हवा. उपक्रमाचा व्यवस्थापक 'महापालिकेला विचारतो' म्हणणार, महापालिका 'राज्य सरकारला विचारतो' म्हणणार, तर बृहस्पतीही समेट घडवू शकणार नाही. आणि तिसरी, मध्यस्थ संपाच्या नवव्या दिवशी नव्हे, तर नोटिशीच्या पहिल्या दिवशी यावा. विहीर आग लागण्यापूर्वी खणायची असते.

श्रोतेहो, आपण त्या थांब्यावरची माणसे आहोत. संप झाला की आपण कामगाराला शिव्या देतो किंवा सरकारला देतो, आणि गाडी आली की दोघांनाही विसरतो. पुढच्या वेळी नोटीस लागल्याची बातमी वाचाल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा : 'मध्यस्थ नेमला का? आणि किल्लीवाला बैठकीला गेला का?' मेजाशी आपली खुर्ची नसली, तरी हे दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.