बॅटरी किती टिकेल? कॉलरपासून झटका मशीनपर्यंतचे सहा गैरसमज

नागझिऱ्याहून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आलेला ‘जय’ हा वाघ देशभर गाजला. १८ एप्रिल २०१६ रोजी त्याच्या रेडिओ कॉलरचे संदेश थांबले आणि पुढे त्याचा पत्ता लागला नाही. अशा वेळी पहिला अंदाज ठरलेला असतो: बॅटरी संपली असेल. उमरेडच्या आसपास बॅटरीवर बरंच काही अवलंबून आहे. वाघाची कॉलर आहे, वाघ मोजणारे कॅमेरा ट्रॅप आहेत, रानडुकरांपासून पीक राखणारी झटका मशीन आहेत आणि घरोघरचे इन्व्हर्टरही आहेत. बॅटरी किती चालेल याचे आडाखे मात्र बहुतेक ऐकीव असतात.

गैरसमज १: उपकरण बंद पडलं म्हणजे बॅटरी संपली.
वस्तुस्थिती: जयची आधीची कॉलर बिघडल्यामुळे मार्च २०१६ मध्ये दुसरी बसवली होती. म्हणजे संदेश थांबले तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती. अशा कॉलरची बॅटरी कित्येक महिने पुरावी अशा बेतानेच बसवतात. अँटेना, सर्किट किंवा उपग्रहाशी संपर्क, यांतलं काहीही बिघडलं तरी कॉलर मुकी होते. कधी कारण माणूसही असतो. जयचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. त्याची कॉलर कापून टाकलेली सापडली. झटका मशीनचंही असंच होतं. झटका मंद झाला की आधी बॅटरीला दोष दिला जातो, पण तारेला टेकलेलं ओलं गवतच झटका जमिनीत उतरवत असतं.

गैरसमज २: बॅटरीचं आयुष्य दिवसांत सांगता येतं.
वस्तुस्थिती: बॅटरी संपते ती कामाने. समजा, कॉलरच्या बॅटरीत ४,००० वेळा जागा नोंदवण्याइतकी ऊर्जा आहे. दर तासाला नोंद घेतली तर ती साडेपाच महिन्यांत आटपेल. दिवसाला पाचच नोंदी घेतल्या तर दोन वर्षांहून जास्त चालेल. शिवाय दाट बांबूत उपग्रह सापडायला वेळ लागतो, त्यामुळे एकेक नोंद महाग पडते. कॅमेरा ट्रॅपमध्ये खरा खर्च रात्रीच्या इन्फ्रारेड फ्लॅशचा असतो. वर्दळीच्या पाणवठ्यावरचा कॅमेरा सुनसान पायवाटेवरच्या कॅमेऱ्याआधी बंद पडतो, सेल तेच असले तरी.

गैरसमज ३: आठ सेल टाकले की क्षमता आठपट.
वस्तुस्थिती: सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएचचा आकडा एका सेलचाच राहतो. एकूण ऊर्जा आठपट होते, पण उपकरणही तितक्या व्होल्टवर चालणारं असतं. त्यात एक जुना सेल मिसळला तर तो आधी मान टाकतो आणि बाकी सात भरलेले असूनही उपकरण थांबतं. आणखी एक समज असा की, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणून १.५ व्होल्टच्या अल्कलाइनपेक्षा कमीच चालणार. अल्कलाइनचे व्होल्ट वापर सुरू झाला की सतत घसरत जातात. चांगला रिचार्जेबल सेल १.२च्या आसपास बराच काळ टिकून राहतो. फ्लॅशसारख्या जड कामात तो अल्कलाइनला मागे टाकू शकतो.

गैरसमज ४: १५० एएच म्हणजे १५० एएच, कसंही वापरा.
वस्तुस्थिती: इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘सी२०’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ, ७.५ अँपिअरने संथपणे वापरली तर ती २० तास चालेल. ओढ वाढली की हाती येणारी क्षमताच कमी होते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्येच याचं गणित मांडलं. ३०० वॉटचा भार घ्या. कागदावर १,८०० वॉट-तास भागिले ३००, म्हणजे सहा तास. पण इन्व्हर्टर स्वतः १५ ते २० टक्के ऊर्जा खातो आणि बॅटरीवरची ओढ ३० अँपिअरच्या घरात जाते. त्यामुळे नव्या बॅटरीवरही चार तासच धरून चाला. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा लावणं बऱ्याचदा दुसऱ्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं.

गैरसमज ५: मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरी भरलेली आहे.
वस्तुस्थिती: भरलेली १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विसावल्यावर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. १२.० दिसत असेल तर ती बरीचशी उतरलेली आहे. चार्जर नुकताच काढला असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून तेव्हाचं माप धरू नये.

गैरसमज ६: उन्हाळ्यात बॅटरी चांगली चालते.
वस्तुस्थिती: हे अर्धसत्य आहे. उष्णतेने बॅटरी त्या दिवशी थोडी जास्त देते, पण आतली झीजही वेगाने होते. लेड-अ‍ॅसिडसाठी ढोबळ नियम असा की, तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. वैदर्भी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल हे सांगायला नको.

मग अंदाज कसा बांधायचा?

उलट्या बाजूने सुरुवात करा: आधी खर्च, मग बॅटरी. डिसेंबरात इथली रात्र तेरा तासांची. झटका मशीन सरासरी ०.४ अँपिअर घेतं असं समजू; आपल्या मशीनचा आकडा त्याच्या पाटीवर पाहावा. ०.४ गुणिले १३, म्हणजे रात्रीला ५.२ एएच. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून दुप्पट धरा: १०.४. म्हणजे १२ एएचची नवी बॅटरी एका रात्रीला पुरेल. पण दिवसभर आभाळ राहिलं आणि सोलर पॅनलने काहीच भरलं नाही, तर दुसऱ्या पहाटेपर्यंत ती जवळजवळ रिकामी होईल. दोन रात्रींची हमी हवी असेल तर २४ एएचची घ्यावी. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर पाटीवरचा आकडा न धरता एका रात्रीत ती किती उतरते ते मोजावं.

हिशेबात रात्र बॅटरीपेक्षा लांब निघाली तर बॅटरी किंवा पॅनल वाढवावं. कुंपणात थेट घरची लाइन सोडणं हा मात्र गुन्हा आहे आणि त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजारचा शेतकरी यांत फरक करता येत नाही.