बंद पाकिटातील शेरा

वरिष्ठ रागावले तर ते निदान कानी पडते; कपाटात बंद असलेल्या गोपनीय अहवालातील शेरा मात्र कळत नाही आणि बढतीच्या वेळी तोच आडवा येतो. कर्मचाऱ्यांच्या हिताची कितीही परिपत्रके निघोत, नोकरदार त्यांची पारख एकाच कसोटीवर करतो: आपल्याविषयीचे मत आपल्याला सांगितले जाते काय, आणि त्यावर आपले म्हणणे ऐकून घेतले जाते काय?

सर्वोच्च न्यायालयापुढील देव दत्त प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्यास १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी मात्र सलग पाच वर्षे ‘फार चांगला’ असा शेरा आवश्यक होता. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नव्हे, सबब तो कळविण्याचे कारण नाही, असा सरकारचा युक्तिवाद! १२ मे २००८ रोजी न्यायालयाने तो अमान्य केला. शेऱ्याचे बरेवाईटपण त्याच्या परिणामावरून ठरते, म्हणून प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे, असा दंडक त्याने घालून दिला. २००९ मध्ये केंद्र सरकारने अहवालाच्या नावातील ‘गोपनीय’ हा शब्द वगळला, संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास देण्याचे ठरविले आणि निवेदनासाठी १५ दिवसांची मुदत दिली. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व उचलून धरले.

तथापि, कागद हाती पडला म्हणजे विश्वास निर्माण झाला, असे नव्हे. शेरा दाखवावा लागतो म्हटल्यावर वाईटपणा टाळण्यासाठी सर्वांनाच सढळ हाताने गुण देण्याचा मोह वरिष्ठांना होतो. मग कष्टाळू आणि कामचुकार एकाच पंक्तीत बसतात. उलट, अन्याय झाला तरी निवेदन केल्यास साहेबांचा रोष ओढवेल, या भीतीने कनिष्ठ लिपिक गप्प राहतो. आणि त्याचे मौन हेच समाधान समजले जाते.

उत्तरपत्रिकेवर नुसते गुण घातल्याने विद्यार्थी सुधारत नाही. कोठे चुकले हे सांगावे लागते, आणि तेही वेळेवर, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. कचेरीचा न्याय याहून वेगळा असण्याचे कारण नाही. वर्षभर एका शब्दाने न टोकता मार्चअखेरीस उणिवांची यादी हाती ठेवणाऱ्या वरिष्ठाने नियम पाळलेला असतो. कर्तव्य मात्र केलेले नसते.